गॅस भरण्याआधी दोन काटे पाहा

मे महिन्याची दुपार होती. बोरगाव मेघे हे वर्धा शहराला अगदी लागून असलेले गाव. एरवी गजबजलेला रस्ता त्या वेळी ओस पडला होता. ऊन ४५ अंशांच्या घरात गेले होते. निंबाच्या सावलीत एक जुना मालट्रक उभा होता. ड्रायव्हरभाऊ ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळून पायरीवर बसले होते.

आम्ही विचारले, "का भाऊ, गाडीला एसी आहे ना? मग बाहेर का बसलात?"

भाऊ म्हणाले, "हाय ना जी. पन सकाळी थंड हवा देते अन् दुपारी गरम. या उन्हाळ्यात तीनदा गॅस भरला. आता तं दहा मिनिटांत बंदच पडते."

"गॅस कुणी भरायला सांगितला?"

"मले काय समजते त्यातलं? गॅस सरला असन, असं म्हणते. मी म्हनतो, भरा बाप्पा."

तीन वेळा पैसे गेले आणि गारवा काही आला नाही. असे पुष्कळांचे होते. म्हणून या पाठात आपण एसीचा दाब कसा ओळखायचा ते पाहू. हे वाचून कोणी मिस्त्री होणार नाही. पण मिस्त्रीला नेमका प्रश्न विचारता येईल आणि पैसा वाया जाणार नाही.

हा प्रश्न नुसत्या आरामाचा नाही. ट्रकच्या केबिनखाली किंवा तिच्यापुढे इंजिन तापलेले असते. वरून ऊन तापवते. घामाने अंगातले पाणी जाते, डोके जड होते, डोळ्यांवर झापड येते. वीस-पंचवीस टनांची गाडी हाकणाऱ्याला झापड आली, तर जीव त्याचाही जातो आणि समोरच्याचाही. म्हणूनच केंद्र सरकारने २०२३ साली नियम जाहीर केला. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व जड मालट्रकांच्या केबिनला एसी असावा, असा तो नियम आहे. त्याआधीच्या गाड्या मात्र रस्त्यावर आहेतच. त्यांतल्या काहींना मालकांनी मागाहून एसी बसवून घेतला आहे. जुन्या गाडीचा एसी दुरुस्तीला येणारच.

गारवा येतो कुठून?

घरातला माठ आठवा. माठ पाझरतो. बाहेर आलेल्या पाण्याची वाफ होते. वाफ होताना ते पाणी माठातली उष्णता घेऊन जाते. म्हणून आतले पाणी गार होते. वाळ्याच्या ताट्यांचा कूलरही याच रीतीने हवा गार करतो.

एसीतही हेच घडते. फरक एवढाच, की माठातले पाणी उडून जाते आणि एसीतला गॅस बंद नळ्यांत पुन्हा पुन्हा फिरत राहतो. तो कधी पातळ होतो, कधी वाफ होतो. पण बाहेर जात नाही.

त्याची फेरी अशी असते. इंजिनाच्या पट्ट्यावर कंप्रेसर फिरतो. तो गॅसला दाबतो. दाबल्याने गॅस तापतो. सायकलच्या टायरात हवा भरताना पंप तापतो, तसेच हे. तापलेला गॅस कंडेन्सरमध्ये जातो. कंडेन्सर म्हणजे पातळ पत्र्यांची जाळी. ती बहुधा रेडिएटरच्या पुढे असते. मागून बसवलेल्या एसीत कधी कधी ती छतावर असते. तिथे पंख्याच्या हवेने गॅसची उष्णता निघून जाते आणि गॅस पातळ होतो. मग तो ड्रायर नावाच्या बाटलीतून गाळला जातो. ही बाटली गॅसमधली ओल शोषून घेते. पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व येतो. ही बारीक भोकाची झडप आहे. तिच्यातून गॅस अलीकडून पलीकडे गेला, की दाब एकदम उतरतो. पातळ गॅसची वाफ होऊ लागते. ही वाफ केबिनमधल्या कुलिंग कॉइलमध्ये होते आणि कॉइल गार पडते. तिच्यावरून पंखा हवा फेकतो. तीच थंड हवा आपल्याला लागते. वाफ झालेला गॅस जाड नळीतून पुन्हा कंप्रेसरकडे जातो.

आता एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. डिझेल जळते, म्हणून संपते. एसीचा गॅस जळत नाही. तो कमी झाला असेल, तर कुठून तरी गळाला आहे. जुन्या गाडीत वर्षानुवर्षे थोडी गळती होते, ती वेगळी. पण महिन्याभरात गॅस घटला, तर भोक शोधल्याशिवाय पुन्हा भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे.

दाबाचा आणि गारव्याचा संबंध

टायरची हवा आपण पौंडांत मोजतो. एसीचा दाबही मिस्त्री पौंडांतच सांगतात.

कुकरमध्ये दाब वाढला, की पाणी १०० अंशांच्या वर जाऊन उकळते. दाब उतरला, की कमी उष्णतेवर उकळते. गॅसचेही तसेच आहे. आजच्या बहुतेक ट्रकांच्या एसीत आर-१३४ए नावाचा गॅस असतो. उघड्यावर तो शून्याखाली २६ अंशांवरच उकळतो. त्याच्यावर ३० पौंड दाब ठेवला, तर तो सुमारे २ अंशांवर उकळतो. म्हणजे कुलिंग कॉइल बर्फाच्या जवळपास गार होते, पण गोठत नाही. ४० पौंडांवर तो सुमारे ७ अंशांवर उकळतो. म्हणून काट्यावरचा दाब पाहून मिस्त्रीला आतला गारवा कळतो.

एसीच्या दोन बाजू असतात. कुलिंग कॉइलपासून कंप्रेसरपर्यंतची बाजू कमी दाबाची. कंप्रेसरपासून कंडेन्सरमधून झडपेपर्यंतची बाजू जास्त दाबाची. मिस्त्रीच्या गेजला दोन घड्याळे असतात. निळे घड्याळ कमी दाबाचे, लाल घड्याळ जास्त दाबाचे. दोन्ही लावली, तरच खरे कळते. एकच घड्याळ पाहून रोग सांगणे म्हणजे एका डोळ्याने सुईत दोरा ओवणे.

गेज लावण्याआधी काय पाहावे?

आधी डोळे, कान आणि हात वापरा. कंप्रेसरचा पट्टा ढिला किंवा फाटका आहे का? इंजिन चालू करून एसीचे बटण दाबले, की कंप्रेसरच्या तोंडाशी 'टक' असा आवाज येतो का? हा आवाज क्लच लागल्याचा असतो. क्लच लागत नसेल, तर फ्यूज, तार किंवा बटण बिघडलेले असू शकते. तिथे गॅस भरून काही होणार नाही.

कंडेन्सरचा पंखा फिरतो का? जाळी धुळीने, चिखलाने बुजली आहे का? केबिनमधली हवेची गाळणी स्वच्छ आहे का? नळ्यांच्या सांध्यांवर तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसते का? गॅसबरोबर कंप्रेसरचे तेलही फिरत असते. गॅस गळाला, की तेलही झिरपते. म्हणून तेलकट डाग ही गळतीची खूण आहे.

हे सारे पाहताना हात पट्ट्यापासून आणि पंख्यापासून दूर ठेवा. बाही ढिली नको, दुपट्टा लोंबता नको.

बंद गाडीत काटा काय सांगतो?

गाडी दोन-चार तास बंद असली, की दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. तेव्हाचा दाब हवेच्या उष्णतेवर ठरतो. ३० अंशांना तो सुमारे ९७ पौंड, ४० अंशांना सुमारे १३३ पौंड आणि ४५ अंशांना सुमारे १५४ पौंड असतो.

इथे पुष्कळजण फसतात. बंद गाडीत १३० पौंड दिसले, म्हणजे गॅस पुरेसा आहे, असे नाही. आत थोडा जरी पातळ गॅस शिल्लक असला, तरी दाब तेवढाच दिसतो. घरच्या स्वयंपाकाच्या सिलिंडरचे तसेच आहे. तो भरलेला असो की पाव असो, गॅस सारख्याच जोराने येतो. किती उरला हे उचलूनच कळते.

मात्र ४० अंशांच्या उन्हात बंद गाडीत २०-३० पौंडच दिसले, तर गॅस जवळजवळ सगळा गळाला आहे, हे नक्की.

चालू गाडीत दोन काटे कसे वाचावे?

इंजिन थोड्या जास्त वेगाने चालू ठेवावे. एसी पूर्ण जोरावर लावावा. दहा मिनिटे थांबून मग काटे वाचावे. एसी चांगला असेल, तर निळा काटा साधारण २५ ते ४५ पौंडांवर राहतो. कडक उन्हात तो थोडा वर जातो. लाल काटा हवेप्रमाणे बदलतो. ३५ अंशांच्या आसपास तो २०० ते २७५ पौंड, तर ४५ अंशांच्या उन्हात २५० ते ३२० पौंड असू शकतो. हे आकडे अदमासाचे आहेत. गाडीच्या कंपनीने पुस्तकात दिलेला आकडा खरा धरावा.

आता बिघाडाच्या पाच खुणा पाहू.

पहिली खूण. दोन्ही काटे खाली. गॅस कमी आहे. म्हणजे गळती आहे. कंप्रेसर वरचेवर लागतो आणि सुटतो.

दुसरी खूण. दोन्ही काटे वर. कंडेन्सरची उष्णता बाहेर जात नाही, किंवा गॅस जास्त भरला आहे, किंवा नळ्यांत हवा शिरली आहे. यातले कोणते, ते जाळी आणि पंखा पाहून ठरवावे.

तिसरी खूण. निळा वर आणि लाल खाली. दोन्ही काटे एकमेकांजवळ येतात. कंप्रेसर आतून झिजला आहे. तो गॅसला नीट दाबू शकत नाही. पट्टा घसरत असला, तरीही असे होते. म्हणून पट्टा आधी पाहावा.

चौथी खूण. निळा फारच खाली, कधी शून्याच्याही खाली. वाट बुजली आहे. झडपेत किंवा ड्रायरमध्ये कचरा अडकला असेल. जिथे अडथळा असतो, त्याच्या पुढची नळी एकदम गार पडते, कधी तिच्यावर दवही गोठते. एसी अर्धा तास चांगला चालतो, मग गार हवा थांबते, थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा चालतो, असे होत असेल, तर आत ओल आहे. ती ओल झडपेच्या बारीक भोकात बर्फ होऊन बसते. ड्रायर बदलावा लागतो.

पाचवी खूण. निळा वर, लाल ठीक, आणि कंप्रेसरकडे जाणाऱ्या जाड नळीवर फार दव. झडप उघडीच राहिली आहे. कॉइलमध्ये गरजेपेक्षा जास्त गॅस जात आहे.

भाऊंच्या गाडीत काय निघाले?

आता आपल्या ड्रायव्हरभाऊंकडे वळू. एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. भाऊ म्हणाले, "काका, गॅस भरून द्या."

मिस्त्री म्हणाले, "थांब बाबू. आधी काटे पाहू."

गेज लावले. निळा काटा ६० च्या पुढे, लाल काटा ३८० च्या जवळ. दोन्ही वर. म्हणजे दुसरी खूण. थोड्या वेळाने 'टक' करून कंप्रेसर सुटला. दाब फार वाढला, तर नळ्या फुटू नयेत म्हणून एक स्विच कंप्रेसर बंद करतो. भाऊंना वाटे, गॅस संपला म्हणून एसी बंद पडतो. खरे तर दाब वाढला म्हणून तो बंद पडत होता.

मिस्त्रींनी बादलीभर पाणी घेतले आणि पुढच्या जाळीवर हळूहळू ओतले. लाल काटा भराभर खाली आला. केबिनमध्ये गार हवा येऊ लागली. पाणी सुकले, तसा काटा पुन्हा चढला.

मिस्त्री म्हणाले, "पाह्यलं? जाळीले हवाच मिळत नाही."

जाळी सोडवून पाहिली. रेडिएटर आणि कंडेन्सर यांच्या मधल्या फटीत कापसाच्या तंतूंचा थर बसला होता. त्यावर धूळ आणि तेल. गोधडीच पांघरली होती जणू. भाऊंची गाडी हिवाळाभर हिंगणघाटच्या बाजूने कापूस आणि गाठी वाहत होती. जिनिंगच्या आवारात हवेत रुई उडते. ती पंख्याने ओढली जाते आणि जाळीत बसते. पुढून पाहिले तर जाळी बरी दिसते. मळ मागे दडलेला असतो. आपला कापसाचा मुलूख आहे. इथल्या गाड्यांना हा रोग होणारच.

सकाळी हवा थंड असते, म्हणून बुजलेली जाळीही कसेबसे काम करी. दुपारी ती हरे. त्यात तीनदा अंदाजाने गॅस भरला. जागा तेवढीच आणि गॅस जास्त. त्याने दाब आणखी चढला. रोग एक आणि औषध दुसरे, तेही तिप्पट!

मिस्त्रींनी यंत्राने सगळा गॅस सिलिंडरमध्ये परत काढून तोलला. एसीच्या पाटीवर लिहिलेल्या वजनापेक्षा तो बराच अधिक भरला. जाळी मागच्या बाजूने पाण्याच्या मंद धारेने धुतली. जोराची धार मारली नाही, कारण तिने पातळ पत्रे वाकतात. मग नळ्यांतली हवा ओढून काढली आणि गॅस वजनावर मोजून भरला. त्यानंतर भर दुपारी निळा काटा ३८ वर आणि लाल २७० वर आला. केबिन गार झाली. नवा गॅस विकत घ्यावाच लागला नाही.

भाऊ म्हणाले, "म्हंजे मी पैसे देऊन रोग वाढवला जी!"

गळती असेल तर

पहिली खूण दिसली, तर गळती शोधावी. सांध्यांवर साबणाचा फेस लावावा. बुडबुडे आले, तिथे गळती. सांध्यातले रबरी वळे, जुने रबरी पाइप आणि कंप्रेसरच्या तोंडाचे सील इथे बहुधा गळते. ट्रक रात्रंदिवस हादरत असतो, त्याने सांधे ढिले होतात. बारीक गळती हुंगणारे यंत्रही मिस्त्रीकडे असते. नळी रिकामी असेल, तर नायट्रोजन भरून तपासतात. ऑक्सिजन कधीही भरू देऊ नका. ऑक्सिजन आणि तेल दाबाखाली एकत्र आले, तर स्फोट होतो.

गळती बुजवल्यावर पंपाने किमान अर्धा तास आतली हवा ओढून काढावी. दाब उतरला, की आतली ओल नुसत्या हवेच्या उष्णतेने वाफ होऊन निघून जाते. मग पंप बंद करून थोडा वेळ काटा पाहावा. काटा जागचा हलला नाही, तर सांधे पक्के. हलला, तर अजून गळते आहे. त्यानंतरच गॅस भरावा, तोही वजन करून.

जिवाला जपा

पातळ गॅस डोळ्यात किंवा हातावर उडाला, तर कातडी गोठते, डोळा जाऊ शकतो. चष्मा आणि हातमोजे घाला. गॅस हवेपेक्षा जड आहे. तो खड्ड्यात साचतो आणि श्वासाला हवा उरत नाही. काम उघड्यावर करा. जवळ विडी ओढू नका. ज्योतीत हा गॅस गेला, तर विषारी धूर होतो.

इंजिन चालू असताना लाल बाजूची चावी उघडून गॅस भरू नका. त्या बाजूचा मोठा दाब सिलिंडरमध्ये शिरून सिलिंडर फुटेल. स्वस्त पडतो म्हणून स्वयंपाकाचा गॅस एसीत भरू नका. तो पेट घेतो, आणि केबिनमध्ये माणूस बसलेला असतो.

गॅस हवेत सोडूनही देऊ नका. पूर्वी गाड्यांत आर-१२ हा गॅस असे. पृथ्वीवर ओझोनचे एक आवरण आहे. ते सूर्याचे घातक किरण अडवते. आर-१२ सारखे वायू ते आवरण झिजवतात, हे रोलँड आणि मोलिना या शास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखवले. पुढे १९८७ साली माँट्रियल येथे अनेक देशांनी करार केला आणि तो गॅस हळूहळू बंद झाला. आजचा आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही. पण हवेत गेला, तर तो पृथ्वी तापवतो. एक किलो गॅस कोळशाच्या धुरातल्या हजार किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड वायूइतका ताप करतो. म्हणजे आपल्याच उन्हाळ्यात भर पडते.

लक्षात ठेवा

एसीचा गॅस संपत नाही. गळतो.

आधी पट्टा, पंखा, जाळी पाहा. मग गेज लावा.

दोन्ही काटे पाहिल्याशिवाय गॅस भरू नका.

गॅस अंदाजाने नको, वजनाने भरा.

कापसाचा हंगाम संपला, की जाळी मागच्या बाजूने धुवा.

हिवाळ्यातही पंधरा दिवसांतून एकदा दहा मिनिटे एसी चालवा. तेल फिरते आणि सील सुकत नाही.

पुढच्या वेळी कोणी म्हणाले, "गॅस सरला असन," तर तुम्ही शांतपणे विचारा, "निळा काटा किती? लाल काटा किती?" चांगला मिस्त्री या प्रश्नाने रागावणार नाही. तो तुम्हाला जवळ बोलावून काटे दाखवील. आकडे तर आता तुम्हाला वाचता येतातच.